लेकाची सिव्हिक आणि माझा नकार

"बाबा, गाडी ट्यून करू?" तुमच्याकडेही हा प्रश्न आला असेल. आमची २०१८ची सिव्हिक एसआय, दीड लिटर टर्बो, २०५ हॉर्सपॉवर. मी सरळ नाही म्हटलं. आठवडाभर अबोला!

मग बॉनेट उघडून दोघं उभे राहिलो. लेकानंच समजावलं: नुसता इनटेक बदलला तर आवाज वाढतो, ताकद फारशी नाही. ट्यूनमध्ये टर्बोचा दाब वाढतो, म्हणून खरी ताकद तिथे. पण क्लचवर ताण येतो, वॉरंटीचा प्रश्न येतो, इन्शुरन्सवाल्यांना कळवावं लागतं.

ठरलं: आधी चांगले टायर आणि ब्रेक पॅड. ट्यून नंतर, त्याच्या कमाईतून.

नाही म्हणण्याआधी एकदा पोरांचं ऐकून घ्या. माझा तो आठवडा फुकट गेला.