राहिलेले नऊ बदाम

पोकरचा खेळ आपल्याकडील सभ्य घरांत चोरूनच शिकावा लागतो. माझ्या मते मात्र तो मुलांना मुद्दाम शिकवावा. अट एकच, पैशांऐवजी चिंचोके लावावेत. आमच्या मित्रमंडळात तोच रिवाज आहे, आणि चिंचोका गमावतानाही माणसाचा चेहरा किती खरा होतो ते मी तेथेच पाहिले.

या खेळाचे जुने रूप साधे आहे. प्रत्येकास पाच पाने मिळतात. नको असतील ती टाकून तितकीच नवी घेण्याची मुभा एकदाच असते. समजा, तुमच्या हाती चार बदाम आले आणि पाचवे पान किलवर निघाले. ते टाकून बदाम मिळाला तर डाव बहुधा तुमचाच. पण तो मिळेल काय? कॅटमधील ५२ पानांपैकी ५ तुम्ही पाहिली, ४७ राहिली. १३ बदामांपैकी ४ हाती आहेत, ९ राहिले. सत्तेचाळिसांत नऊ, म्हणजे पाचांत एकाहूनही किंचित कमीच.

येथे नवखा खेळाडू हटकून विचारतो, “राहिलेले बदाम शेजाऱ्यांच्याच हाती असले तर?” असतीलही, कदाचित एकही नसेल. न पाहिलेले पान शेजाऱ्याच्या मुठीत असो की कॅटच्या तळाशी, आपल्या अज्ञानाला दोन्ही सारखीच. हे गणित पानांचे नव्हे, आपल्या अज्ञानाचे माप आहे.

मन मात्र असे माप घेत नाही. हाती पाच, सहा, आठ, नऊ आली की मधल्या सत्तीची रिकामी जागा त्याला विलक्षण मोहक वाटते. सत्त्या चारच, त्यांतली एखादी बारा वेळांत जेमतेम एकदा येते. पण ती आलेली एक वेळ आमचे एक स्नेही वर्षानुवर्षे सांगतात. न आलेल्या अकरा त्यांच्या स्मरणातच नाहीत!

गणिताचा खरा प्रश्न तरी ‘पान येईल काय?’ हा नाहीच. ‘या आशेला किती मोल द्यावे?’ हा आहे. चार बदाम असताना ३८ पाने प्रतिकूल, ९ अनुकूल. सुमारे सव्वाचारास एक. मधल्या राशीत २० चिंचोके असून पुढे राहण्यास ५ टाकावे लागत असतील, तर पाने मुकाट्याने खाली ठेवावीत. रास ३० ची असेल तर खुशाल टाकावेत, आणि बदाम न आल्यास हळहळू नये.

महाभारतातील नलाला ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने नि फळे न मोजता सांगून थक्क केले, आणि मग अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, दिली. ती मिळताच नलाच्या देहातून कली बाहेर पडला. संख्येचे ज्ञान झाल्यावर जुगाऱ्यातला कली जातो, हे त्या कथाकाराने किती अचूक हेरले आहे!

म्हणून गणित आशेचे वैरी आहे, असे मला वाटत नाही. माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात डॉक्टरांनी दहांत एक इतकीच आशा सांगितली होती. आम्ही घरातले सोने मोडून शस्त्रक्रिया करविली. हवे ते पान आले नाही. परंतु मधल्या राशीत काय होते हे आठवले, म्हणजे तो डाव आम्ही योग्यच खेळलो, असे मला आजही वाटते.