मेनच्या अलीकडे

शहादा तालुक्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. ‘लाईट उनी’ की मळ्यामळ्यांतले ऑटोस्विच एकदम मोटारी चालू करतात. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, व्होल्टेज पडतं, कधी डीपीच जळते. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण सांगत असतं. पण रात्री दोनला केळीत जायची हौस कुणाला?

म्हणून जरा थांबून मोटार लावणारा कंट्रोलर करायला घेतला. चिप साधीच, एसटीएम३२एफ१०३. ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. स्टार्टअपची फाइल कंपनी तयार देते, तरी ती मी स्वतः लिहिली. हट्टच म्हणा.

सी भाषेची पुस्तकं मेन या फंक्शनपासून सुरू होतात. चिपला मेन ठाऊकच नसतं. फ्लॅशच्या सुरुवातीला एक तक्ता असतो, त्यातले पहिले दोन शब्द ती वाचते: स्टॅकचा माथा कुठे आणि पहिलं पाऊल कुठे टाकायचं. पुढचं आपल्यावर. व्हेरिएबल्सच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवायच्या. ज्यांना किंमत दिलेली नाही, तिथे शून्यं भरायची. ग्लोबल व्हेरिएबल आपसूक शून्य असतं, असं आपण शिकतो. आपसूक काही नसतं. दोन छोटी लूप ते काम करतात. मग मेनला हाक, आणि मेन परतलंच तर तिथेच फिरत राहायला एक न संपणारं लूप, कारण परतायला ऑपरेटिंग सिस्टिम नाही. एवढाच कोड. डोकं खाते ती लिंकर स्क्रिप्ट. हद्दी तिथे आखायच्या असतात, अगदी बांधासारख्या.

वीज आल्याक्षणी रॅममध्ये जो कचरा असतो, तो प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो. सिलिकॉन घडतानाच्या बारीक फरकांतून आलेला. शून्यं भरली की ते वेगळेपण पुसलं जातं. प्रोग्रामला तेच हवं असतं: कितीदाही लाईट जावो, सुरुवात तीच. डीपीला मात्र नेमकं हेच नडतं. एका डीपीवरचे सगळे कंट्रोलर सारखेच जागे झाले, सारखेच थांबले, तर मोटारी पुन्हा एकदमच चालू होणार.

कचऱ्यातूनच थांबण्याचा वेळ काढावा, असं आधी वाटलं. पण लाईट क्षणभरच गेली तर रॅममध्ये जुनंच उरतं. त्यावर विसंबता येत नाही. या चिपवर कारखान्यातच कोरलेला ९६ बिटांचा ओळखक्रमांक असतो, दुसऱ्या कुठल्याही चिपवर नसलेला. थांबायचे सेकंद आता मी त्यातून काढतो. दोन चिपचे सेकंद क्वचित जुळतीलही. तेवढं डीपी सोसेल.