मचाणाची करकर

पळस्प्याच्या शेताकडेला आंब्यावर बांधलेलं आमचं मचाण उन्हाळ्यात करकरू लागतं. लाकूड सुकून आकसतं, खिळे सैल होतात, फळी फळीवर घासते. आज दुपारभर ती करकर थांबवण्याचंच काम केलं. खिळे उपटून नट-बोल्ट बसवले, फळ्या टेकतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, सांध्यांत मेण चोळलं. तेल मुद्दाम टाळलं. त्याचा वास जनावराला लागतो.

आजोबांच्या काळी मचाण म्हणजे शिकार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते मिटत गेलं. आता वैशाखी पौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधतात ती प्राणी मोजायला. दबा धरणं तेच, बंदूक तेवढी नाही. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

संध्याकाळी वर बसलो. फळ्या गप्प झाल्यावर माझाच श्वास मोठा वाटू लागला, गुडघा हलला की कापडाची सळसळ. लांब फाट्यावर पुण्याची, गोव्याची वाहनं. इथे वर साधतं तसं नसल्यासारखं असणं मला माणसांत का जमत नाही? आणि जमावं, असं तरी खरंच वाटतं का?

ज्याची वाट पाहतोय ते भेकर येईलच असं नाही. वारा मात्र कर्नाळ्याच्या जंगलाकडून आहे; तिकडून कुणी आलं तर त्याला माझा वास लागणार नाही.