चेतकचा टेकपॅक आणि घोड्याचं चिलखत

चाकणच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी २०२५ मध्ये बीजीएमआय या मोबाइल गेममध्येही अवतरली. चाकणला एक गाडी जास्त काढायची तर तेवढा पत्रा, तेवढ्या बॅटऱ्या, तेवढी मजुरी जास्त लागते. गेममधली कुठलीही वस्तू मात्र एकदा रेखाटली की दहा जणांना दिली काय नि दहा लाखांना दिली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. मग तिथे ‘थोडेच दिवस उपलब्ध’ अशी पाटी का लागते? टंचाई नसते म्हणूनच ती निर्माण करावी लागते. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात किमतीचा हिशेब माल आणि मजुरीपासून सुरू होतो. गेममधल्या वाढीव वस्तूंचा हिशेब खेळणाऱ्याच्या मोहापासून सुरू होतो, आणि माझ्या मते खेळ बदलले ते इथे.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट विकत आणली की तिच्यातलं सगळं आपलं असे. मारिओ पुढच्या टप्प्यावर न्यायचा तर सराव हा एकच उपाय. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. जगभर त्याची टिंगल झाली आणि चिलखत खपलंही. वाढीव भाग विकणं मुळात वाईट, असं मात्र म्हणवत नाही. ‘विचर ३’ या गेमचा २०१६ मधला ‘ब्लड अँड वाइन’ हा भाग म्हणजे नवा प्रदेश, नवी गोष्ट, कित्येक तासांचा खेळ. पैसे मोजले तर काही पदरात पडत होतं.

फरक कळायला आकुर्डीच्या बजाजचं उदाहरण पुरे. २०२४ ची चेतक अर्बेन ही विजेवरची स्कूटर टेकपॅक या वाढीव संचाविना ताशी ६३ किलोमीटरवर थांबते, टेकपॅकचे पैसे भरले की ७३ पर्यंत जाते. जुन्या चेतकला वरून कॅरिअर बसवत, तेव्हा एक वस्तू नव्याने जोडली जाई. टेकपॅकमध्ये असलेलीच ताकद मोकळी होते. तरी स्कूटर घेणाऱ्याला निदान किंमत आणि वेग आधी कळतो. बीजीएमआयमध्ये ‘यूसी’ नावाचं चलन आधी रुपये देऊन घ्यायचं, मग ते क्रेटवर म्हणजे बंद पेटीवर उधळायचं आणि आत काय निघेल ते नशिबावर. चलनाचे गठ्ठेही असे, की थोडं उरतंच. ते वाया जाऊ नये म्हणून पुन्हा भर घालायची.

यावर सांगितलं जातं, की गेम फुकट आहे, कपडे आणि बंदुकीचे रंग घेतले नाहीत म्हणून कुणी हरत नाही. शिवाय पुण्यातल्या सुपरगेमिंगसारख्या कंपन्यांनी ‘इंडस’सारखा गेम फुकट द्यायचा, तर सर्व्हरचा खर्च नि पगार कुठून काढायचे? दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पगार निघायलाच हवेत. पण ते काढायला किंमत लपवावी लागत नाही. पहिला मुद्दा अर्धाच खरा. चार मित्रांच्या स्क्वॉडमध्ये साधे कपडे घालून उतरणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला हरल्यासारखं वाटावं, अशीच तर दुकानाची मांडणी असते.

पैसे लावून खेळायच्या खेळांकडे आपली नजर कडक असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिस दलातल्या एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन खेळात दीड कोटी रुपये लागले आणि तो निलंबित झाला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. या कायद्याचा रोख काही जिंकण्याच्या आशेने लावलेल्या पैशावर आहे. क्रेटमध्ये गेलेला पैसा रुपयांत परत येतच नाही, म्हणून तो जुगार वाटत नाही. बेल्जियमने मात्र २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे तो वाद मिटेल तेव्हा मिटो. वस्तूसमोर यूसीबरोबर रुपयेही लिहा आणि क्रेट उघडण्याआधी, हवी ती वस्तू निघेपर्यंत सरासरी किती खर्च होतो तेही दाखवा, एवढी अट त्याआधीच घालता येईल.