लांडग्याला वाचता येते काय?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि सारे मिळून बोलत बोलत एक गोष्ट रचतात. अडले की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट तोंडी असली तरी नियम मात्र छापील, आणि तेही शेकडो पानांचे. त्यात ‘ड्रुइड’ नावाचा एक पात्रप्रकार आहे. हा निसर्गाशी बांधलेला मांत्रिक पूर्वी पाहिलेल्या पशूचे रूप घेऊ शकतो. २०१४ च्या आवृत्तीनुसार रूप घेतल्यावर शरीराचे सारे आकडे पशूचे होतात. बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व मात्र मूळ पात्राचेच राहते. नवे मंत्र टाकता येत नाहीत. बोलणे आणि हातांनी करायची कामे त्या पशूला जमतील तेवढीच. अंगावरच्या वस्तू खाली पडाव्यात, की नव्या रूपात विरून जाव्यात, याचाही खुलासा पुस्तक करते. (आमच्या पुराणकथांत हा खुलासा फारसा कोणी मागितलेला दिसत नाही.)

आमचे काही माजी विद्यार्थी औरंगपुऱ्यातल्या एका माडीवर रविवारी हा खेळ मांडतात. आम्हा दोघांना त्यांनी बोलावले ते खेळायला नव्हे, अर्थ लावायला. एक मुलगी लांडग्याच्या रूपात एका पडक्या मंदिरात शिरली होती आणि समोर भिंतीवर शिलालेख होता. तिला तो वाचता येईल काय? बुद्धी शाबूत, म्हणजे अक्षरओळखही शाबूत, असा तिचा पक्ष. लांडग्याचे डोळे आणि लांडग्याची दृष्टी यांत फरक आहे, असा दुसऱ्या बाजूचा. आम्ही मराठीचे अध्यापक. मीमांसा काठाकाठाने वाचलेली. जे नियमाने काढून घेतलेले नाही ते उरलेले आहे, असे समजून चालावे, एवढे आम्ही म्हणालो. वाचन हे हाताचे काम नव्हे, मंत्रही नव्हे. तेव्हा लांडग्याला वाचता येते. पण वाचलेले सोबत्यांना सांगता येत नाही, कारण तोंड लांडग्याचे.

यावर ती मुलगी जे म्हणाली त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. ती म्हणाली, “हे मला नवं नाही सर. पहिलं वर्ष वर्गात मी असंच काढलं. सगळं वाचाया येत होतं, बोलाया येत नव्हतं.” तिच्या गावाकडची बोली वर्गात कोणी हसण्यावारी नेऊ नये म्हणून ती वर्षभर गप्प बसली होती, आणि आता आमच्यापेक्षा शुद्ध प्रमाणभाषा बोलते. मघाचे ते वाक्य तिने मुद्दाम बोलीत म्हटले, की तिच्या नकळत ते तसे आले, हे आम्ही विचारले नाही.

याच पुस्तकात ‘पॉलिमॉर्फ’ नावाचा आणखी एक मंत्र आहे. तो ज्याच्यावर टाकला त्याची बुद्धीही पशूची होते. स्वभाव तेवढा उरतो. म्हणजे एकाच ग्रंथात रूपांतराचे दोन सिद्धान्त शेजारी शेजारी नांदतात, आणि दोन्ही मर्यादित काळापुरतेच आहेत. फार काळ परक्या रूपात राहिल्यास मनाचे काय होते, यावर हे दोन्ही नियम गप्प आहेत.

त्यावर सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ बोलतो. वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त यांना गुरुदक्षिणेसाठी एक कोटी सुवर्णमुद्रा हव्या असतात. राजा नंदाकडे जावे तर तो नुकताच मेलेला. इंद्रदत्त योगबळाने राजाच्या मृतदेहात शिरतो; त्याचे मूळ शरीर व्याडी एका ओसाड देवळात राखत बसतो. मेलेला राजा उठतो आणि तत्काळ दान देतो, हे पाहून मंत्री शकटालाला संशय येतो. तो आरडाओरडा करीत नाही. राजपुत्र लहान आहे, शत्रू टपलेले आहेत, तेव्हा हाच राजा राहिलेला बरा असा हिशेब करून तो राज्यातली सारी प्रेते जाळण्याची आज्ञा देतो. इंद्रदत्ताचे शरीरही जळते. एकही नियम न मोडता परतीची वाट बंद करणारा असा नियमपंडित त्या माडीवर अजून तरी कोणी निपजलेला नाही!

पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. ब्राह्मण असून आपण शूद्र झालो, म्हणून इंद्रदत्त आधी शोक करतो. म्हणजे कथेच्या हिशेबी विद्या मनाबरोबर आली आणि जात शरीराबरोबर राहिली. हे ऐकताच एकाने आपला पात्रपत्रक-कागद पुढे सरकवून विचारले, “मग जात कुठल्या रकान्यात लिहायची?” ज्या शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला होऊन नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तिथे हा प्रश्न खेळातला राहत नाही. थोडा वेळ फासे तसेच पडून होते. कथेतला शोकही टिकत नाही, हे सांगायचे राहिलेच. हळूहळू ऐश्वर्य त्या इंद्रदत्ताला चढते, तो मदांध होतो. शरीर मनाला आपल्या वळणावर नेते. त्याला किती दिवस लागले याचा आकडा सोमदेव देत नाही, आणि न दिला तेच बरे केले.

महानुभावांचे वर्गीकरण याहून काटेकोर आहे. परमेश्वर देह धारण करतो त्याचे प्रकार तीन : गर्भीचा, पतिताचा आणि दवडण्याचा. गर्भातून येणे, मृत देह स्वीकारणे, आणि जिवंत देहातील जीवाला दवडून तिथे येणे. भडोचच्या प्रधानपुत्राचा, हरिपाळदेवाचा, मृत देह चक्रधरस्वामींनी स्वीकारला, हा दुसरा प्रकार. श्रद्धेच्या विषयाला खेळाच्या मापाने मोजू नये, हे आम्हाला कळते. मात्र आधीचा रहिवासी कुठे गेला, हा प्रश्न नेमका विचारायला तेराव्या शतकातली मराठी परंपरा कचरली नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा ड्रुइड लांडगा होतो तेव्हा कुठलाच लांडगा बेघर होत नाही, ते नुसते रूप असते.

असो. पाठभेदाची गोष्ट राहिली. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत ड्रुइडला पशुरूपातही बोलण्याची क्षमता दिलेली आहे. मंडळींपुढे दोन्ही पाठ ठेवले तेव्हा बहुतेकांनी नवा उचलला. त्या मुलीने जुनाच मागितला. बोलता आले तर लांडगा व्हायचे कशाला, असे तिचे म्हणणे. सूत्रधाराने तिच्यापुरता जुना पाठ मान्य केला. संपादनशास्त्राला हे मंजूर होणार नाही. आम्हाला मंजूर आहे. मग पुढचा पाऊण तास ती शिलालेखातला मजकूर शेपटी, कान आणि पंजा यांच्या वर्णनाने सांगत राहिली आणि सोबती तो चुकीचा समजत राहिले.

उठता उठता आम्ही त्यांना गुणाढ्याची गोष्ट सांगितली, कारण ती इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणची, म्हणजे प्रतिष्ठानची. पैज हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडलेल्या गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाचीत रचली. सातवाहनाने ती धुडकावली. तेव्हा तो रानात आगटी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत जाळू लागला. जनावरे चरणे विसरली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या पानात येणारे मांस कोरडे निघू लागले, त्याची चौकशी झाली, आणि राजा धावत रानात पोचला तोवर एक लाख श्लोक उरले होते.

“त्यात लांडगे होते का?” तिने विचारले. मूळ कथेत हरणे, डुकरे, रेडे यांची नावे आहेत, असे आम्ही म्हणालो. सूत्रधाराने ते वहीत लिहून घेतले.