टेकडीवरचीं आमचीं झाडें

पस्तीस वर्षांपूर्वीं आम्हीं शाळेच्या मुलांकडून पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाचीं रोपें लावविलीं. उजाड उतार हिरवा झालेला पाहून तेव्हां आमचा ऊर भरून आला होता. वृक्ष मध्य अमेरिकेंतला, मूळ नांव ग्लिरिसिडिया, म्हणजे मूषकघातक. आमच्यासारख्याच कोणा संस्कृतप्रेमी गृहस्थानें त्यास हें गोड रूप दिलें असावें!

परवां नातवानें विचारिलें, "आजोबा, इथें घरटीं इतकीं थोडीं कां?"

वाळलेल्या लाकडाचा सुमारें निम्मा भाग कर्ब असतो. तेव्हां हवा तापविणारा पुष्कळ वायु आमच्या झाडांनीं गिळला, हें खरेंच. पण ज्यास आम्हीं उजाड म्हटलें तें वस्तुतः गवताळ रान होतें. गवताचा बहुतेक कर्ब मुळांत व मातींत सांठतो, वरचें पातें जळालें तरी तो राहतो. आणि चंडोल त्याच गवतांत घरटें करी. हा हिशेब आम्हीं मांडलाच नव्हता. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांचा सह्याद्रींतील देवरायांवरचा 1976 चा निबंध आम्हीं निवृत्तीनंतर वाचला. नाना जातींचें रान आणि एकाच जातीची लागवड ह्यांतील अंतर तेव्हां कोठें उमगलें.

आतां सरसकट तोड केल्यास सांठलेला कर्ब पुन्हां हवेंत जाणार. म्हणून दरसाल थोडींच झाडें काढावीं, तेथें पळस, सालई लावावी, आणि उरलेलें माळरान माळरानच राहूं द्यावें, असें आमचें मत आहे.

नातू म्हणाला, "म्हणजे तुमचींच झाडें तुम्हीच तोडायला सांगणार?"

आम्ही काठी उचलून चालूं लागलों.