मोटारीचा कठडा

आमच्या चिरंजीवांनीं विजेची मोटार घेतली आणि महिन्याच्या आंतच तिच्या तोंडाशीं पोलादी कठडा बसविण्याचा घाट घातला. असा कठडा धडकेचा आघात पादचाऱ्यावर लोटतो, हवेच्या पिशव्यांच्या संवेदकांचा हिशेबही चुकवूं शकतो. म्हणूनच केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना त्यांविरुद्ध कारवाई करण्यास लिहिलें. हें सारें मी सांगितलें, पण रुबाबापुढें माझें कोण ऐकतो!

कारागिरानें मूळचा बंपर उतरविला तों आंत थर्मोकोलासारखा एक पट्टा निघाला. चिरंजीव हंसले, "अण्णा, ह्याच्या भरंवशावर राहायचें?"

"अरे, चेपून धक्का पचविणें हेंच त्याचें काम. वाड्यापुढें रोज सायंकाळीं आपलीं पोरें खेळतात, तीं ह्याच्याच भरंवशावर आहेत."

ते बराच वेळ त्या पट्ट्याकडे पाहत राहिले. कठडा दुकानांतच राहिला. आगाऊ रक्कम तेवढी बुडाली.